तेविसावा गडी

मेलबर्न शहरात नवख्या माणसाला कोणी पगार विचारीत नाही, गाव विचारीत नाही, मुलेबाळे किती याचीही चौकशी करीत नाही. विचारतात ते एवढेच, की "तुमचा संघ कोणता?" 2025 च्या जून-जुलैत मी सहा आठवडे तिथे होतो. तेवढ्या अवधीत हा प्रश्न मला न्हाव्याने विचारला, औषधाच्या दुकानातल्या बाईंनी विचारला, आणि दात तपासणाऱ्या डॉक्टरने तर माझ्या तोंडात दोन हत्यारे असताना विचारला. माझा कोणताच संघ नाही असे म्हटले, की आपल्याला कुलदैवतच नाही असे एखाद्याने सांगावे, तसा चेहरा करून ती माणसे माझ्याकडे पाहत.

हा संघ फुटबॉलचा. पण वाचकहो, फुटबॉल म्हणताच कुपरेजचे मैदान आणि गोल चेंडू तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो आधी पुसून टाका. इथला चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला अठरा गडी आणि दोन्ही टोकांना चार चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. चेंडू हातात धरून पळता येते, मात्र पंधरा मीटरांत एकदा तो जमिनीवर आपटून पुन्हा घ्यावा लागतो. फेकता येत नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. आणि लांबून आलेला चेंडू वरच्यावर झेलला, की झेलणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही. या झेलासाठी पुढच्या माणसाच्या पाठीवर गुडघा रोवून चढले तरी चालते. आपल्या दहीहंडीत वर चढणारा खालच्याला निदान विचारून चढतो; इथे तेवढाही शिष्टाचार नाही.

या खेळाचा जन्म क्रिकेटवाल्यांच्याच पोटी झाला, हे कळल्यावर मला तो थोडा जवळचा वाटू लागला. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे जड होऊ नयेत म्हणून काही खेळ काढावा, असे पत्र टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 साली एका पत्रात छापून आणले आणि 1859 च्या मे महिन्यात मेलबर्न क्लबाच्या चारचौघांनी बसून नियमांचा कागद केला. आज या खेळाचा अंतिम सामना क्रिकेटच्याच मैदानावर, म्हणजे ज्या एम. सी. जी. वर 1956 चे ऑलिंपिक झाले तिथे, एक लाख माणसांसमोर होतो. 2015 पासून त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, सरकारी सुट्टी असते. सामन्याच्या दिवशी लोक कामावर जात नाहीत, हे आपल्याकडेही आहे. पण सामन्याच्या आदल्या दिवशीच कार्यालये बंद ठेवणारे सरकार मी दुसरे पाहिलेले नाही.

असो. मला सांगायचे आहे ते अंतिम सामन्याबद्दल नाही, लाख माणसांबद्दलही नाही. मला सांगायचे आहे ते तेविसाव्या गड्याबद्दल.

एकेका संघाच्या पदरी चाळीसच्या वर खेळाडू असतात. त्यांतून दर आठवड्याला तेवीस निवडायचे. त्यांतली पंधरा-सोळा नावे पक्की असतात आणि त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. ब्रॅडमनला संघात घ्यावे का, यावर कोण वाद घालणार? वाद असतो तो शेवटच्या चार-पाच जागांचा. मी तिथे होतो तेव्हा तर तेविसाव्याची अवस्था फारच केविलवाणी होती. बावीस जण मैदान आणि बाक यांच्यात येत-जात. तेविसाव्याने मात्र वाट पाहायची आणि कोणाच्या तरी जागी एकदाच आत जायचे, कधी शेवटच्या दहा मिनिटांपुरते. 2011 ते 2015 या काळात अशा गड्याला ओळखू यावा म्हणून हिरवी बंडी घालून बसवीत. म्हणजे घोड्यावर बसायला मिळत नाही ते नाहीच, वर कपाळाला बाशिंग! 2025 च्या मोसमानंतर ही पद्धत काढून टाकली आणि बाकावर पाच पुरते गडी आले. पण पाचवा कोण, हा प्रश्न काही त्याने मिटलेला नाही.

माझा भाचा राहतो वेस्ट फुटस्क्रे या भागात. मेलबर्नच्या पश्चिमेची ही कामकऱ्यांची वस्ती. एके काळी इथे कारखाने, कातडी कमावण्याचे धंदे आणि गोदीवरची मजुरी. मागून व्हिएतनामी आले, आफ्रिकी आले, आणि आता बार्कली स्ट्रीटवर डोशाचा वास येतो. त्याच रस्त्याला लागून व्हिटन ओव्हल हे मैदान आहे. बाहेर टेड व्हिटनचा पुतळा. हा गृहस्थ 1951 पासून 1970 पर्यंत याच एका संघाकडून 321 सामने खेळला. आपल्याकडे चौकातल्या पुतळ्याचे बोट समोर रोखलेले असते. व्हिटनच्या पुतळ्यात तो चेंडूला लाथ मारतो आहे.

या संघाचे जुने नाव फुटस्क्रे. 1989 साली पैशाअभावी तो फिट्झरॉय या दुसऱ्या संघात विलीन करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा वस्तीतल्या लोकांनी दारोदार डबे फिरवून, नाणी-नाणी जमवून तो वाचवला. पुढे 1997 च्या मोसमापासून नाव बदलून 'वेस्टर्न बुलडॉग्ज' झाले, मोठे सामने शहरातल्या छपराच्या मैदानावर गेले. पण 2014 पासून राखीव खेळाडूंचा जो दुसरा संघ आहे, तो मात्र 'फुटस्क्रे' याच नावाने उतरतो. मोठ्यांनी आडनाव बदलले, धाकट्यांनी ठेवले. व्हिटन ओव्हलवर हा धाकटा संघ खेळतो.

"मामा, मोठ्या सामन्याला गेलात तर तुम्हाला नुसती गर्दी दिसेल," भाचा म्हणाला. "बोलणं ऐकायचं असेल तर इथे चला."

शनिवारची दुपार, आभाळ भरलेले, वारा असा की कानटोपीवाचून उभे राहवेना. कुंपणाच्या कठड्याला टेकून पाच-पंचवीस नेहमीची मंडळी. त्यांत एक आजीबाई होत्या. वय 81, गळ्यात स्वतः विणलेला लाल-पांढरा-निळा पट्टा, हातात चहाचा थर्मास. 1954 साली या संघाने पहिले अजिंक्यपद मिळवले तेव्हा दहा वर्षांच्या आजी वडिलांचे बोट धरून एम. सी. जी. वर हजर होत्या. दुसरे अजिंक्यपद 2016 साली आले. मधल्या 62 वर्षांत आपण काय केले, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "लग्न केलं, चार मुलं वाढवली आणि वाट पाहिली."

त्यांच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक उंच गृहस्थ होते. त्यांच्या खिशात वही होती आणि वहीत आकडे होते. इंग्रजी भाषेत अहो-अरे नाही ही खरी गोष्ट; पण आजींचे त्यांच्याशी बोलणे ऐकले, की ते निखालस अरे-तुरेचे आहे हे कळायला व्याकरण लागत नव्हते.

वादाचा विषय एक चोवीस वर्षांचा पोरगा होता. मधल्या फळीत खेळणारा, मजबूत, तांबूस केसांचा. पाच वर्षे क्लबाच्या पदरी. मोठ्या संघात एकूण अकरा सामने. धाकट्या संघात दर शनिवारी तो तीस-तीस वेळा चेंडू मिळवी. आणि दर गुरुवारी मोठ्या संघाची नावे लागत, त्यांत त्याचे नाव नसे. त्याचा करार ऑक्टोबरात संपत होता.

"अजून काय करायला हवं त्याने? चेंडू खायला हवा का?" आजी म्हणाल्या.

"तीस वेळा चेंडू मिळवतो, कबूल," रेल्वेवाले वही उघडून म्हणाले. "पण मिळवून देतो कुठे? बाजूला. आणि वरच्या खेळात पळावं लागतं. तिथे याचा एक पाय पोचेपर्यंत समोरचे दोन पोचलेले असतात."

"मग त्या एकोणीस वर्षांच्या लेकराला सहा सामने दिले, तो काय करतो? वारा लागला की पडतो."

"तो पुढच्या वर्षी पडणार नाही. त्याच्यावर आज सामने खर्च केले, तर उद्या फेडील."

"आणि याने पाच वर्षं जे फेडलं, ते कोणाच्या खात्यात?"

"संघ म्हणजे बक्षीस समारंभ नव्हे," रेल्वेवाले म्हणाले.

सगळ्या वादाची गोम या वाक्यात होती. आजींचे म्हणणे, जागा कमवायची असते आणि कमावली की ती द्यायची असते. नाहीतर धाकट्या संघात मरमर मरायचे कशाला? रेल्वेवाल्यांचे म्हणणे, जागा कोणाच्या लायकीची नसतेच. ती संघाच्या गरजेची असते. उंच बचावगडी जखमी झाला तर उंचच माणूस घ्यावा लागतो, मग बुटका गडी कितीही गुणी असो. दोघांचेही बरोबर, म्हणून तर हा वाद पाच वर्षे चालला होता. मला विचाराल तर माझे मन आजींकडे झुकत होते. गरज कोण ठरवतो? ज्याने निवड करायची तोच. मग गरजेच्या नावाखाली लाडक्याचेही साधते.

मधल्या सुटीत एक मजेदार रिवाज पाहिला. या छोट्या सामन्यांना पाव खेळ संपला, की प्रेक्षकांना मैदानात जाऊ देतात. खेळाडूंचे कडे होते, मध्ये शिक्षक उभा राहून बोलतो आणि भोवती बायका, मुले, म्हातारे, एक कुत्रे, असे सगळे ऐकत उभे राहतात. मीही उभा राहिलो. तांबूस केसांचा पोरगा माझ्यापासून चार हातांवर होता. गुडघ्यावर चिखल, ओठ फुटलेला. शिक्षक बोलत होता आणि त्याचे डोळे शिक्षकाच्या खांद्यावरून मागे, सज्जाकडे लागले होते. तिथे मोठ्या संघाचे निवड करणारे बसतात, असे भाच्याने माझ्या कानात सांगितले. सज्जा त्या दिवशी रिकामाच दिसत होता.

कठड्यापाशी परतल्यावर आजींनी इतिहास बाहेर काढला. त्यांच्या पोतडीत पहिला होता टेड हॉपकिन्स. 1970 चा अंतिम सामना, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड, एम. सी. जी. वर 1,21,696 माणसे. एवढी गर्दी या खेळाने त्याआधी पाहिली नाही आणि नंतरही नाही. अर्ध्या वेळेला कार्लटन 44 गुणांनी मागे. तेव्हा बाकावर दोनच राखीव गडी असत, एकोणिसावा आणि विसावा. एकोणिसावा होता हॉपकिन्स, कोणाच्या खिजगणतीत नसलेला. त्याला आत पाठवले आणि त्याने चार गोल मारले. कार्लटन 10 गुणांनी जिंकले. पुढच्या वर्षी एक सामना खेळून हॉपकिन्सने हा खेळ सोडला. उभ्या आयुष्यात कार्लटनकडून खेळला अवघे 29 सामने.

"आणि पुढे काय केलं, ते सांगा ना," रेल्वेवाले मिस्कीलपणे म्हणाले.

पुढे हॉपकिन्सने 'चॅम्पियन डेटा' नावाची कंपनी काढली. कोणी किती वेळा चेंडू मिळवला, दाटीत किती, मोकळ्यात किती, किती वेळा वाया घालवला, याचे आकडे काढणारी. आज सारे संघ त्या आकड्यांवर चालतात. म्हणजे रेल्वेवाल्यांच्या वहीतले जे आकडे त्या पोराच्या आड येत होते, त्यांचा उगम एका एकोणिसाव्या गड्यापाशी होता! आजींना हे माहीत होते, पण सोयीने त्या ते विसरत असाव्यात.

त्यांनी लगेच दुसरे नाव काढले. डेरेक किकेट. 1993 साली एसेंडन संघाकडून हा अंतिम सामन्यापर्यंतचा प्रत्येक सामना खेळला आणि नेमक्या अंतिम सामन्याला केव्हिन शीडी या शिक्षकाने त्याला वगळले. एसेंडन जिंकले. जिंकल्यामुळे वगळणारा शहाणा ठरला. किकेट संघ सोडून सिडनीला गेला, 1996 साली त्यांच्याबरोबर अंतिम सामन्यात उतरला, आणि तो सामना हरला. हे सांगताना आजींचा आवाज इतका चढला, की जणू कालच घडले. एसेंडन तर त्यांचा संघही नव्हे.

यावर रेल्वेवाल्यांनी मार्लियन पिकेटचे पान टाकले. किकेट आणि पिकेट, दोघेही पश्चिम ऑस्ट्रेलियातले आदिवासी. नावांचा यमक हा केवळ योगायोग, नशिबे मात्र उलटी. पिकेट तरुणपणी घरफोडीच्या गुन्ह्यांत तुरुंगात जाऊन आलेला. वयाच्या 27 व्या वर्षी, 2019 च्या मोसमाच्या मध्यावर, रिचमंडने त्याला पदरी घेतले. महिनोन्‌महिने तो राखीव संघातच खेळला. सप्टेंबरात त्या संघाने आपले अजिंक्यपद जिंकले आणि त्यानंतरच्याच शनिवारी, जॅक ग्रॅहॅमचा खांदा दुखावल्यामुळे, पिकेट मोठ्या संघातला आपला पहिला सामना खेळला, तोच मुळी अंतिम सामना. असे 1952 नंतर घडले नव्हते. त्याने एक गोल केला आणि रिचमंड 89 गुणांनी जिंकले.

"बघा," रेल्वेवाले म्हणाले, "गरज पडली तेव्हा घेतलाच की नाही?"

"आणि ग्रॅहॅमचं काय?" आजी म्हणाल्या. "2017 ला तोच पोरगा पाचव्या सामन्यात अंतिम सामना खेळला, तीन गोल मारले. दोन वर्षांनी बाहेर बसून बघतोय. एकाच्या गळ्यात पदक पडतं ते दुसऱ्याच्या खांद्यावरून."

मला राहवेना. मी त्यांना आमच्या पद्माकर शिवलकरांची गोष्ट सांगितली. डावखुरी फिरकी, प्रथम श्रेणीत 589 बळी, आणि भारताकडून एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. रेल्वेवाल्यांनी 589 हा आकडा वहीत लिहून घेतला. आजींनी विचारले, "मग तुमच्या गावचे लोक काय म्हणतात?" मी म्हटले, "मुंबईचे लोक अजून वाद घालतात." त्या समाधानाने हसल्या आणि त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला. त्या क्षणी, माझ्या मते, मला संघ मिळाला.

वाद पुन्हा पोराच्या पायांवर आला. तो मंद आहे की नाही, किती मंद, मंद असून हुशारीने ती उणीव भरून काढतो की नाही. आवाज वाढले. आमच्या पलीकडे कामाचे पिवळे जाकीट घातलेला एक पन्नाशीचा माणूस एकटाच कठड्याला टेकून उभा होता. तो इकडे न पाहता म्हणाला, "मंद आहेच तो. आमच्या घराण्यातच कोणाला पळता येत नाही."

तो पोराचा बाप होता. बल्लारटच्याही पलीकडच्या गावाहून दर शनिवारी गाडी हाकीत येई.

सगळे गप्प झाले. रेल्वेवाल्यांनी वही मिटली. मला वाटले, आता माफीची भाषा होईल, पण आजींनी कागदाच्या पिशवीतला जॅम भरलेला गरम डोनट काढून त्या माणसापुढे धरला आणि म्हणाल्या, "तू सांग. त्याला घ्यायचा तर कोणाला काढायचं?" बापाने डोनट घेतला, थोडा विचार केला आणि अगदी गंभीरपणे एक नाव सांगितले. त्यावर रेल्वेवाले उसळले, वही पुन्हा उघडली, आणि सामना संपेपर्यंत चौघांचे, माझ्या भाच्यासह, तेच चालले. बापाने आपल्या पोराच्या बाजूने एकही आकडा सांगितला नाही. पोराला शेवटच्या वर्षी घरी काय वाटते, झोप लागते का, हे त्याला कोणी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. मैदानात पोराने एक झेल घेतला तेव्हा बापाने फक्त हातातला डोनटचा कागद चुरगाळला.

गुरुवारी संध्याकाळी भाच्याकडे थालीपिठे चालली होती. नावे लागली. पोराचे नाव होते, पण तेविसांत नव्हते. संघाखाली आणखी तीन नावे लिहितात. त्यांना इमर्जन्सी म्हणतात. आपल्या पिढीला 'आणीबाणी' म्हटले की दुसरेच काही आठवते; इथे त्याचा अर्थ असा, की कोणी आयत्या वेळी आजारी पडला तर तू. शनिवारी आम्ही छपराच्या मैदानावर गेलो. सामन्याआधी तो पोरगा इतरांबरोबर धावला, चेंडू झेलले, आणि मग सगळे गणवेश घालायला आत गेले तेव्हा तोही गेला. बाहेर आला तो ट्रॅकसूट घालून. कोणी आजारी पडले नव्हते.

मी जुलैअखेर परत आलो. नोव्हेंबरात भाच्याचे पत्र आले, म्हणजे हल्ली पत्र ज्याला म्हणतात ते, फोनवर. "मामा, आपल्या पोराचा करार वाढवला नाही. पुढच्या मोसमात तो वडिलांच्या गावच्या संघातून खेळणार. आजी म्हणतात, पहिल्या सामन्याला सगळ्यांनी जायचं. रेल्वेवाले म्हणतात, इतकं लांब आगगाडीने जमणार नाही, गाडीच काढायला हवी. गाडीत जागा पाच, आणि येणारे सात. कोणाला घ्यायचं आणि कोणाला वगळायचं, यावर गेले आठ दिवस वाद चालू आहे."